उणे ऐंशी

पहाटे तीन वाजून दहा मिनिटांनी
सहा नंबरचा फ्रीजर रडू लागला.
फोनवर नुसता आकडा : उणे एकाहत्तर.
बूट चढवेपर्यंत उणे एकोणसत्तर.

बाहेर उणे अठ्ठावीस.
आमच्या फिनलंडातसुद्धा याला थंडी म्हणतात,
पण बावीस वर्षं गोठवलेल्या रक्ताला
हा भर उन्हाळा.

आमचं विद्यापीठ लहान.
एक तळं, सात इमारती आणि एक हट्ट :
माणूस म्हातारा होतो म्हणजे नेमकं काय होतं,
हे त्याच त्या माणसांना
दर चार वर्षांनी बोलावून विचारायचं.
दहा मीटर चाला.
हात छातीशी बांधून खुर्चीतून पाचदा उठा.
मूठ आवळा. अजून. अजून थोडी.
आता एका मिनिटात आठवतील तेवढे प्राणी सांगा.

(त्यूने कल्लिओनिएमी दर खेपेला रेनडिअरपासून निघते
आणि नवऱ्याच्या नावाशी येऊन थांबते.
तो प्राण्यांत धरायचा की नाही,
यावर बोलोन्याहून दोन पत्रं आली आहेत.
निकाल अजून लागलेला नाही.)

रक्ताचा एक वाटा लायडनला जातो,
हाडांची चित्रं बोलोन्याला,
आणि सेंदाईचे म्हातारे आमच्याकडे येतात,
आकडे होऊन, रात्री, निमूट.
त्यांतली एक बाई चौऱ्याऐंशीव्या वर्षी
अठ्ठ्याहत्तरीतल्यापेक्षा भरभर चालली.
तिचं नाव मला कधीच कळणार नाही.
त्या दिवशी आम्ही इथे केक कापला.

तर, उणे पासष्ट.
मोकळा फ्रीजर होता पलीकडे, जीवशास्त्राच्या तळघरात,
आणि त्या दाराचं इलेक्ट्रॉनिक कुलूप
थंडीनं मुकं झालेलं.
प्राध्यापिका बाई नाइटगाउनवर कोट घालून आलेल्या,
दोन विद्यार्थी, सफाईवाली मिर्का,
सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघत उभे.
मग मिर्काच म्हणाली, ओइवाला उठवा.

ओइवा पेल्कोनेन. वय शहाऐंशी.
एकतीस वर्षं या इमारतींचा रखवालदार,
आणि आमच्या यादीत चारशे सतरावा.
निवृत्त होताना एक किल्ली परत करायची राहून गेली,
असं तो म्हणतो.
आला तो पायानं रेटायची घसरगाडी घेऊन.
पुढच्या बैठकीवर, जिथे एरवी बटाट्यांची पिशवी असते,
आम्ही ड्राय आइसमध्ये पुरलेले खोके रचले.

अकरा खेपा. अंगण ओलांडून, उतारावरून,
मग तळघराच्या चौदा पायऱ्या, हातोहात.
कोण कोणाच्या हाताखाली, हे त्या रात्री कोणी विचारलं नाही.
नवव्या खेपेला ओइवानं खोक्यावरचं लेबल
चष्मा वर करून वाचलं.
‘यात मी आहे की,’ तो म्हणाला. ‘चौसष्टचा.
तेव्हा लीसा होती.’
आणि ते खोकं त्यानं कोणाला उचलू दिलं नाही.

गेल्या मार्चात त्याची मूठ भरली होती एकोणीस किलो.
मीच नोंदवलं होतं. मीच पुढे लिहिलं होतं : घट अपेक्षित.
त्या खोक्याचं वजन तेवीस.
मूठ वेगळी, उचलणं वेगळं, हे मला कळतं,
पाठ, मांड्या, सवय, सगळं त्यात येतं.
तरी मी पायरीवर कडेला उभी राहून
एकेक पाऊल मोजत होते.
त्याला ते दिसलं. ‘घड्याळ लावलंस का?’ म्हणाला.

साडेसहाला उणे अठ्ठ्याहत्तर.
कॉफी. मिर्कानं आणलेले पाव.
एकच नळी फुटली, कोणाची ते सांगणार नाही.
लायडनला कळवलं : सगळं ठीक.
बोलोन्यानं विचारलं, वाहतूक नियमानुसार झाली का?
बाईंनी लिहिलं : अनुभवी कर्मचाऱ्याकडून.

दहा वाजता कचेरीतून पत्र आलं,
इमारतीची जुनी किल्ली कोणाकडे असल्यास जमा करावी.
ओइवा तेव्हा खुर्चीत बसल्या बसल्या झोपला होता,
हात छातीशी बांधून,
जणू आता पाचदा उठायचंय.
किल्ली त्याच्या मुठीत होती.
मी पकड मोजली नाही.